पावसाळा, भाडेकरू, ऑडिट आणि गणपती एकदम अंगावर येतात तेव्हा: सोसायटी मॅनेजरसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात १८० फ्लॅटची सोसायटी, तुम्ही पगारी मॅनेजर. हाताखाली एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन, बाकी एजन्सीचे वॉचमन आणि सफाई कामगार. मे ते सप्टेंबर टँकर, गळती, भाडेकरूंची ये-जा, ऑडिट, वार्षिक सभा आणि गणपती एकावर एक येऊन पडतात आणि दिवसभर फोन खाली ठेवता येत नाही. कमिटीकडे आणखी एक माणूस मागावा, की कामाची पद्धत बदलावी?

माणूस मिळाला तर घ्या, पण जूनमध्ये आलेल्या नव्या माणसाला कोणता व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा हेच कळायला महिना जातो. खरी अडचण वेगळी आहे. सोसायटीची कामं दोन जातींची असतात. एक तारखेची: ऑडिट, सभेची नोटीस, टाकी धुणं, जनरेटरची सर्व्हिस, करारांचं नूतनीकरण. दुसरी हाकेची: लिफ्ट अडकली, मीटर रूममध्ये पाणी आलं, ड्रेनेज तुंबलं. हाकेचं काम पुढे-मागे सरकवता येत नाही, तारखेचं येतं. जून-जुलैमध्ये माणूस कोलमडतो, कारण तारखेची कामं ढकलत ढकलत हाकेच्या कामांच्या अंगावर आणून ठेवलेली असतात. म्हणून एकच नियम धरा: १ जून ते १५ ऑगस्ट या अडीच महिन्यांत पाऊस आणि माणसांची ये-जा सोडून दुसरं काही ठेवायचं नाही. जे ठेवावंच लागतं (त्याचे दोन अपवाद पुढे येतील) त्याची तयारी मेमध्येच झालेली हवी.

आता तारखा उलट्या मोजा. मान्सून पुण्या-मुंबईत साधारण १०-११ जूनला पोचतो, म्हणून बहुतेक कमिट्या ३१ मे ही मुदत धरतात. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि त्याआधीचे दहा-बारा दिवस वळवानेच झोडपलं. गच्चीचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळलेल्या सोसायट्या उघड्या गच्चीनिशी सापडल्या. तेव्हा मुदत १५ मे धरा. त्यासाठी काम १५ एप्रिलला सुरू व्हायला हवं, वर्क ऑर्डर मार्चअखेर निघायला हवी आणि कोटेशनं जानेवारी-फेब्रुवारीत हातात हवीत. मेमध्ये कोटेशन मागितलं तर चांगला ठेकेदार मिळत नाही. जो मिळतो तो तीन सोसायट्यांत एकच टोळी फिरवतो. झाडांचंही तसंच आहे. फांद्या छाटायलासुद्धा महापालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी लागते आणि मेमध्ये तिथे अर्जांचा ढीग असतो. अर्ज मार्चमध्ये टाका, सोबत धोकादायक फांदीचा फोटो आणि ती कशावर पडू शकते ते लिहा.

गच्चीपासून सुरुवात करू, कारण निम्म्या तक्रारी तिथून निघतात. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या एका इमारतीची गच्ची ५०० चौरस मीटर असेल आणि तासाभरात ६० मिलिमीटरची सर आली, तर त्या तासात ३०,००० लिटर पाणी खाली उतरवायचं असतं. चार पाइप असतील आणि त्यांतले दोन तुंबले, तर पाणी थांबतं. नुसतं पाच सेंटिमीटर साचलं तरी ते २५ टन वजन होतं आणि ते सगळं जिथे फट मिळेल तिथे वाट शोधत बसतं.

म्हणून नुसती गच्ची झाडून घेतली म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रत्येक पावसाळी पाइपच्या तोंडात वरून दोन बादल्या पाणी सोडा आणि एक माणूस खाली पाइपच्या शेवटच्या बाकाजवळ (वळणाजवळ) उभा करा. पाणी धाडकन यायला हवं. झिरपत आलं तर बाकात कबुतरांची पिसं, घरट्याच्या काड्या, किंवा गेल्या वर्षीच्या प्लॅस्टरचं सिमेंट बसलेलं असतं. वर कितीही साफ केलं तरी तो बाक खोलल्याशिवाय उपयोग नाही. पाइपच्या तोंडावरची जाळी सपाट नको, घुमटाकार हवी. सपाट जाळीवर एक प्लॅस्टिकची पिशवी बसली की पाइप बंद. घुमटाच्या जाळीत बाजूने पाणी जात राहतं.

नंतर कठड्याच्या पायथ्याची गोलाई पाहा. कोबा आणि कठडा जिथे मिळतात तिथे केसाएवढी चीर दिसली तरी ती भरून घ्या, कारण वरच्या मजल्याच्या छताच्या कडेला येणारी ओल बहुतेक वेळा तिथूनच येते. पुढे केबलवाल्यांची आणि सोलरवाल्यांची भोकं मोजा. डिश अँटेना किंवा सोलर हीटरचा स्टँड बसवताना ड्रिल थेट कोब्यात घातलेलं असतं आणि त्या एका खिळ्याभोवतीने पाणी खाली जातं. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवायचा, कोब्याला भोक पाडायचं नाही, हे कमिटीच्या ठरावात लिहून घ्या आणि गच्चीची किल्ली देताना रजिस्टरमध्ये सही घ्या.

दुरुस्ती झाल्यावर पाणी साठवून ४८ तास तपासणी करा. मेमध्ये पाण्याची ओरड असताना प्यायचं पाणी गच्चीवर ओतायचं नाही. एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) शुद्ध केलेलं पाणी वापरा आणि विटांचा तात्पुरता बांध घालून गच्चीचे तुकडे करा, म्हणजे तेच पाणी एका तुकड्यातून दुसऱ्यात घेता येतं. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. या तपासणीशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल द्यायचं नाही. ओल्या स्लॅबवर कोटिंग मारू देऊ नका. आतली ओल उन्हात वाफ होऊन वर येते, फुगे धरतात आणि पहिल्या महिन्यातच पापुद्रे निघतात. वळीव पडून गेल्यावर ठेकेदार दुसऱ्याच दिवशी ब्रश घेऊन उभा राहतो, त्या वेळी त्याला थांबवणं हेच तुमचं काम.

दुसरं ठिकाण म्हणजे तळघरातलं पार्किंग. तिथल्या उपसा पंपाचं बटण दाबून मोटर फिरली की ‘पंप चालू आहे’ असा शेरा मारला जातो. त्याने काहीच कळत नाही. पंप ज्यातून पाणी उपसतो तो खड्डा पाइप लावून खरोखर पाण्याने भरा. फ्लोट स्वतःहून उचलला जाऊन पंप सुरू होतो का ते पाहा. फ्लोट स्वतःच्याच केबलीत गुंतलेला असणं हा सर्वांत नेहमीचा दोष. मग खड्डा रिकामा व्हायला लागलेली मिनिटं खडूने भिंतीवर तारखेसह लिहा. जो खड्डा गेल्या वर्षी ११ मिनिटांत उपसला जात होता त्याला यंदा १८ लागत असतील, तर पंख्यात प्लॅस्टिक अडकलंय किंवा पंप झिजलाय. पंप बंद झाल्यावर पाच मिनिटं थांबा. पाणी खड्ड्यात परत येत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलाय आणि पंप तेच पाणी रात्रभर गोल गोल फिरवत राहील.

या तपासणीत एक गोष्ट हमखास सापडते: उपसा पंप जनरेटरच्या लाइनवर नसतो. बिल्डरने लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे जनरेटरवर दिलेले असतात आणि तळघराचा पंप राहून गेलेला असतो. मोठ्या पावसात वीज जाते आणि नेमका तेव्हाच तो पंप हवा असतो. मेन स्विच पाडून, जनरेटरवर पंप चालवून पाहा. चालला नाही तर इलेक्ट्रिशियनकडून लाइन बदलून घ्यायला एप्रिलमध्ये एक दिवस पुरतो. जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात तो माणूस उतरणार नाही आणि त्याने उतरूही नये.

जनरेटरची बॅटरीही बघा. रात्रभर चार्जर काढून ठेवल्यावर सकाळी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती बदला. जनरेटर महिन्यातून एकदा रिकामा नव्हे, लोडवर अर्धा तास चालवा. लिफ्टच्या खड्ड्यात ओल आहे का तेही लिफ्टवाल्यांना मेच्या भेटीत दाखवा. तळमजल्यावर पाणी चढायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, हे प्रत्येक वॉचमनला पाठ हवं. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर धीर द्यायचा, कंपनीला फोन करायचा. दार फोडून त्याला उडी मारायला लावायची नाही. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून उतरताना माणूस खालच्या पोकळीत पडतो.

विजेबद्दल एवढंच, पण हे टाळू नका: बागेतले दिवे, कंपाउंडवरचे दिवे आणि मोटरचे स्टार्टर यांच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का पाहा, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का तपासा. पावसात सारखा पडतो म्हणून वायर त्याला वगळून थेट जोडून दिलेली असते. तसं आढळलं तर आधी ते सर्किट बंद करा, दोष नंतर शोधा. अंधारात राहिलेली बाग चालेल. ओल्या खांबाला लहान मुलाचा हात लागला तर काय होईल, याचा विचार करून निर्णय घ्या.

पाण्याची गंमत अशी की मेमध्ये ते नसतं आणि जूनमध्ये नको तिथे असतं. माणशी १३५ लिटर धरलं आणि फ्लॅटमागे चार माणसं, तर तुमची रोजची गरज सुमारे ९७,००० लिटर येते. नळाचं किती येतं ते मीटरवर पाहून उरलेल्याचे टँकर ठरवा, ‘आज चार सांगा’ असं अंदाजाने नको. टँकर मोजायची सोपी पद्धत: जमिनीखालच्या टाकीचं क्षेत्रफळ काढा. टाकी ५ बाय ४ मीटरची असेल तर ते २० चौरस मीटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरने पातळी बरोबर ५० सेंटिमीटर वर यायला हवी. एका बांबूवर सेंटिमीटरच्या खुणा करा, टँकर सोडण्याआधी वर चढवायची मोटर आणि नळाची आवक दोन्ही बंद करा, आधी आणि नंतर बांबू बुडवून आकडा लिहा. ४२ सेंटिमीटर आलं तर टँकर ८,४०० लिटरचा होता. दोन दिवस हे केलं की तिसऱ्या दिवशी टँकर भरून येतो.

टाक्या मेच्या पहिल्या पंधरवड्यात धुऊन घ्या आणि जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाची कड रस्त्यापेक्षा किमान अर्धा फूट उंच आहे का पाहा. नसेल तर विटांचा कठडा बांधून घ्या, कारण पार्किंगमधलं पाणी थेट प्यायच्या टाकीत जातं आणि चौथ्या दिवशी जुलाबाच्या तक्रारी सुरू होतात. पाणी गढूळ आलं तर पुरेशा ताकदीची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम या प्रमाणात, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरची निवळ टाकीत ओता. तासभर थांबा, मग शेवटच्या मजल्यावरच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी) करा. हलका पिवळा रंग आला, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर, तर ठीक. पावडर दरवर्षी नवी घ्या, दमट हवेत उघड्या पुड्यातली ताकद निघून जाते. टाकी धुणाऱ्या माणसाला झाकण उघडल्याबरोबर आत उतरू देऊ नका. सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या, वर दोन माणसं उभी ठेवा. आणि सेप्टिक टँक, ड्रेनेजचं चेंबर किंवा एसटीपीच्या टाकीत तर माणूस उतरवायचाच नाही. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तसं करणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी यावर दुसरं मत असायला नको. सक्शनची गाडी मागवा, दोन तास उशीर होऊ द्या.

गळतीच्या तक्रारी पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन दिवसांत चाळीस-पन्नास येतात. सगळ्या ‘लीकेज’ या एकाच शब्दात येतात, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर जातं आणि भांडणं होतात. पहिल्या भेटीत दुरुस्ती करायची नसते, निदान करायचं असतं. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढा, रेघेवर तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. दोन-तीन दिवसांनी उघडीप मिळाली की परत जा. पाऊस नसतानाही डाग रेघेबाहेर गेला असेल, तर ते वरच्या फ्लॅटचं बाथरूम किंवा पाइप आहे. उघडीप मिळाल्यावर डाग आटला आणि सर आल्यावर काही तासांनी वाढला, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. वारा असतानाच पाणी येतं, विशेषतः पश्चिमेच्या खोल्यांत, तर खिडकीची चौकट, तिच्याखालचा उलट्या उताराचा दगड किंवा एसीच्या पाइपचं न भरलेलं भोक. संशय वरच्या बाथरूमवर असेल तर तिथल्या जाळीत खायचा रंग टाकून पाणी सोडा आणि खाली वाट बघा. पेन्सिलीची ती रेघ वरच्या आणि खालच्या सभासदामधले निम्मे वाद मिटवते, कारण मग तुमच्या शब्दावर कुणाला विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

खर्च कुणाचा हेही निदानावर ठरतं. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सोसायटीची. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी गळती संबंधित सभासदांची. हे मेमध्येच सूचना फलकावर लावा. जुलैमध्ये सांगितलं की सभासदाला वाटतं, मॅनेजर टाळतोय. भर पावसात कायमचं वॉटरप्रूफिंग करायचं आश्वासन देऊ नका. ताडपत्री, भेगेत तात्पुरता भराव, खाली बादली, आणि ‘पक्कं काम ऑक्टोबरनंतर’ असं लेखी उत्तर. झुल्यावरून बाहेरच्या भिंतीचं काम पावसात करायला कुणी तयार झाला तरी त्याला चढू देऊ नका.

तक्रारी घेण्याची शिस्त लावली नाही तर वरचं सगळं वाहून जातं. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची तक्रार ही तक्रार धरायची नाही, हे कमिटीने जाहीर करावं. एक अॅप किंवा एक वही, पण एकच जागा. प्रत्येक नोंदीला फ्लॅट, जागा, वेळ, कुणाला दिली, कधी मिटली. मग तीन रंग. लाल: शॉक, आग, अडकलेली लिफ्ट, मीटर रूममध्ये पाणी, पडलेलं झाड. फोन कुणाचाही असो, हातातलं काम टाकून पळायचं. पिवळा: पाणी बंद, ड्रेनेज तुंबलं, छतातून धार. त्याच दिवशी. हिरवा: बाकी सगळं, आणि त्याला तारीख द्यायची. ‘बघतो’ हा शब्द बंद करा. ‘गुरुवारी ११ ते १ प्लंबर येईल’ असं सांगितलं की तो सभासद गुरुवारपर्यंत फोन करत नाही. ‘बघतो’ म्हटलं की रोज दोनदा करतो. सकाळी ११ आणि संध्याकाळी ६ वाजता ग्रुपवर चार ओळींचा संदेश टाका: वीज-पाणी-लिफ्टची स्थिती, चालू काम, उद्याचं काम. या दोन संदेशांनी अर्धे फोन थांबतात, कारण बहुतेकांना फक्त माहिती हवी असते.

रात्रीचा फोन तुमच्या खिशात नको, गेटवर हवा. गेटच्या मोबाइलवरून वॉचमनने लाल असेल तरच तुम्हाला उठवायचं. लाल म्हणजे काय, याचा कागद गेटच्या केबिनमध्ये मराठी आणि हिंदीत चिकटवा. पाणी, गॅस, वीज आणि फायर पंप यांच्या मुख्य व्हॉल्व्हना आणि स्विचना रंगाने क्रमांक द्या आणि त्यांचा नकाशा शेजारी लावा. आठवड्यातली एक सुट्टी घ्या. त्या दिवशी कमिटीतला एक ठरलेला माणूस फोन घेईल, हे जूनच्या आधी लिहून ठरवा. सलग चाळीस दिवस काम केलेला मॅनेजर एकेचाळिसाव्या दिवशी चुकीचा व्हॉल्व्ह बंद करतो.

तुमच्या माणसांच्या रजा एप्रिलमध्येच कागदावर घ्या. पेरणीला मराठवाडा-विदर्भातले वॉचमन गावी जातात, पालखीच्या दिवसांत पुण्यातले रस्ते बंद असतात आणि कामाला येणाऱ्यांना वळसे पडतात, गणपतीला कोकणातला माणूस थांबत नाही आणि त्याला थांबवूही नये. एजन्सीला नावानिशी बदली माणूस मागा आणि तो आधीच्या आठवड्यात दोन दिवस जोडीला उभा करा. रेनकोट, गमबूट आणि चांगली टॉर्च ३१ मेच्या आत हातात द्या, सोसायटीच्या खर्चाने. भिजत उभ्या असलेल्या माणसाकडून तुम्ही रात्री दोन वाजता खड्ड्यातली पातळी बघण्याची अपेक्षा करता, तेव्हा एवढं त्याचं देणं लागतं.

स्टोअरमध्ये काय हवं ते तुमच्या आकाराला धरून: एक जादा उपसा पंप आणि ३० मीटर होज, दोन फ्लोट स्विच, पाण्याच्या मोटरचा एक कॉन्टॅक्टर आणि एक मेकॅनिकल सील, १६ आणि ३२ अँपिअरचे चार-चार एमसीबी, एक आरसीसीबी, ११० मिलिमीटरचे चार कपलर, एक आणि दोन इंची दोन-दोन बॉल व्हॉल्व्ह, २० बाय ३० फुटी दोन ताडपत्र्या, वाळूची चाळीस पोती. ही पोती तळघराच्या उताराच्या तोंडाशीच ठेवा, स्टोअरच्या मागच्या खोलीत ठेवली तर लागतील तेव्हा कुणी आणत नाही. सोबत कमिटीचा एक ठराव: पावसाळ्यात तातडीच्या कामासाठी सेक्रेटरी आणि मॅनेजर मिळून अमुक रकमेपर्यंत खर्च करू शकतात, २४ तासांत फोटो आणि बिल कमिटीला. रविवारी रात्री तीन सह्यांची वाट बघत पंप भाड्याने आणता येत नाही.

डासांसाठी फवारणीपेक्षा शुक्रवारची फेरी उपयोगी. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो, म्हणून सात दिवसांतून एकदा पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते. गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, इमारतींमधल्या जोडांची पत्र्याची झाकणं, लिफ्टचा खड्डा, बंद फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंड्यांच्या थाळ्या. बंद फ्लॅटची यादी आणि मालकांचे नंबर मेमध्येच जमवा.

जून-जुलैत पुण्यात भाडेकरूंची अदलाबदल होते: कॉलेजं उघडतात, नोकरीवर नवे लोक रुजू होतात, अकरा महिन्यांचे करार संपतात. लिफ्टमागे दिवसाला दोनच सामान-हलवणी ठेवा, १० ते १ आणि २ ते ५. लिफ्टला आतून प्लायवूड, आणि मुसळधार पावसाच्या दिवशी हलवणी पुढे ढकलायचा अधिकार तुमच्याकडे. कागद तीन: नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत (१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे), पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच, आणि संपर्काचा फॉर्म. सोसायटीला पूर्वसूचना द्यावी लागते, पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. अविवाहित म्हणून किंवा अमुक समाजाचा म्हणून भाडेकरूला अडवायला सांगणारा सभासद भेटला, तर ते काम अंगावर घेऊ नका. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त लावून ठेवलं तर नेमका याच दिवसांत त्यावर वाद येतो.

आता ते दोन अपवाद. पहिला, फायर: आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पंप, होज आणि अलार्मची पाहणी मेमध्ये करून दुरुस्त्या उरकून घ्या, म्हणजे जुलैत फक्त चाचणी आणि सही उरते. दुसरा, हिशेब. ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत. हिशेबाची पत्रकं मेच्या मध्यापर्यंत ऑडिटरच्या टेबलावर गेली तर शंका जूनमध्ये येतात आणि त्या खजिनदाराने सोडवाव्यात. अडकतं ते नेहमी एकाच जागी, सभासदांच्या थकबाकीची यादी खतावणीशी जुळत नाही. ती दर महिन्याला जुळवली असेल तर मेमध्ये अर्ध्या दिवसाचं काम, नसेल तर तीन आठवड्यांचं.

सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवायची सवय मोडा. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. विसर्जनानंतर हातात २७ तारखेचा एकच रविवार उरतो. त्याऐवजी २३ ऑगस्टचा रविवार धरा. नोटिशीचे पूर्ण १४ दिवस मोजताना नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत, म्हणून नोटीस ८ ऑगस्टपर्यंत पोचायला हवी. सोबत मागचं इतिवृत्त, ऑडिट झालेले हिशेब आणि ऑडिटरचा अहवाल. गळतीची भांडणं सभेत फुटू नयेत म्हणून रेघांच्या फोटोंसह यादी आणि प्रत्येकीची स्थिती आधी फलकावर लावा.

गणपतीच्या मंडळाशी जागेचं बोलणं जुलैतच करा. अग्निशमन गाडीचा रस्ता मोकळा ठेवून मांडव कुठे बसतो ते जमिनीवर चुन्याने आखून द्या. मांडवाला वेगळा आरसीसीबी, जोड जमिनीपासून वर बांधलेले, आणि रोषणाईचा एकूण भार आधी लेखी. मीटर रूममधून परस्पर घेतलेली वायर पहिल्याच दिवशी काढायला लावा, पाचव्या दिवशी कुणी ऐकत नाही. विसर्जनाच्या हौदाला तळघराच्या स्लॅबवर जागा देऊ नका. १० बाय १० फुटी हौदात चार फूट पाणी म्हणजे अकरा टनांहून जास्त वजन होतं.

आणि ऑक्टोबर येताच, लोक सुटकेचा श्वास घेतात त्याच आठवड्यात, तीन दिवस काढा. भिंतींवर ओलीचे डाग अजून ताजे असतात, पेन्सिलीच्या रेघा जागेवर असतात. प्रत्येक इमारतीच्या चारही बाजूंचे फोटो घ्या, छापून त्यावर लाल पेनाने भेगा आणि गळतीचे फ्लॅट क्रमांक मांडा, पाइप आणि खिडक्या दाखवा. दिवाळीत रंग लागतो, डाग झाकले जातात आणि जानेवारीत कोटेशन द्यायला आलेला ठेकेदार कोरड्या भिंतीकडे बघून संपूर्ण इमारतीचा भाव सांगतो. हे फोटो हातात असले की त्याला नेमका भाग दाखवता येतो, आणि तीन ठेकेदारांची तीन कोटेशनं एकाच कामाची असल्याने ती समोरासमोर ठेवून वाचता येतात.